तज्ज्ञ स्वतंत्र, खर्च रोशचा

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांची जेवढी कडक तपासणी झाली, तेवढी एखाद्या बड्या औषध कंपनीची झाल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात. पोल्ट्रीवाले सांगत होते, साहेब, ही राणीखेत आहे, आम्हाला नवी नाही. त्यांच्या बोलण्यावर कोणी विसंबलं नाही, आणि ते योग्यच झालं. ज्याच्या शेडमध्ये माल भरलाय त्याच्या तोंडचं निदान ग्राह्य धरायचं नसतं, एवढी अक्कल सरकारला त्या महिन्यात होती. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. १८ तारखेला निकाल जाहीर झाला. मग नखशिखांत झाकलेली माणसं तालुक्यात उतरली आणि लाखो पक्षी मारले गेले. शेडमधले तर गेलेच, पण परसातल्या डाल्याखाली झाकलेल्या, ज्यांच्या अंड्यांवर एखाद्या मावची आदिवासी बाईचं तेल-मीठ चालतं अशा चार कोंबड्याही गेल्या. त्यांनी 'आमचा विदा गोपनीय आहे' असं म्हटल्याची नोंद नाही.

कोंबड्या मारणाऱ्या माणसांना खबरदारी म्हणून एक गोळी दिली गेली. टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर. जाता जाता सांगतो, तिचा कच्चा माल तेव्हा मुख्यतः चक्रीफुलातून यायचा. तेच चक्रीफूल, जे खानदेशात कोंबडीच्या रश्श्याच्या काळ्या मसाल्यात पडतं. कोंबडीच्या आजारावरचं औषध आणि कोंबडीचा रस्सा एकाच डब्यातून निघावेत, हा विनोद निसर्गाचा. पुढचे विनोद माणसांचे आहेत, आणि ते जास्त महाग पडले.

या गोळीने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते, इस्पितळात भरती व्हावं लागत नाही, असा जगभर बोलबाला होता. त्याचा मुख्य आधार २००३ चा एक निबंध. त्यात दहा चाचण्यांची गोळाबेरीज होती. भरती होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, असा झोकदार निष्कर्ष होता. निबंधाचे लेखक सहा, त्यांपैकी चार जण रोश कंपनीचे नोकर. रोश ही गोळी विकणारी. आणि दहापैकी आठ चाचण्या कुठेही सविस्तर छापलेल्याच नव्हत्या! बघा हं. नवापुरात मालकाचं म्हणणं बाद, कारण तो हितसंबंधी. बाझलमध्ये मालकाचं म्हणणं शास्त्र, कारण तो टाय लावतो.

त्याच शास्त्राच्या जोरावर देशोदेशींची कोठारं भरली. एकट्या ब्रिटनने टॅमिफ्लूच्या साठ्यावर ४२.४ कोटी पौंड घातले. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये साथीच्या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्या लिहिणाऱ्या तज्ज्ञाला रोशकडून पैसे मिळत होते, हे उघड झालं २०१० मध्ये, म्हणजे वरात निघून गेल्यावर. मधल्या काळात २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या रांगा लागल्या. गोळी सरकारी दवाखान्यातच मिळायची. पुढे दुकानात आली तीसुद्धा परिशिष्ट 'एक्स'मध्ये, कडेकोट बंदोबस्तात. लोकांना वाटलं, एवढी जपून ठेवतायत म्हणजे अमृतच असणार. तिच्या भोवतीचा पहारा पाहून तिचे गुण ठरले.

आता कॉक्रेनकडे येऊ. १९९३ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली ही ना-नफा संस्था. कामाचं स्वरूप असं, की एखाद्या उपचाराबद्दलच्या सगळ्या चाचण्या जमवायच्या, चाळायच्या आणि सांगायचं की बाबांनो, यात दम आहे किंवा नाही. औषध कंपन्यांचा पैसा आपल्या परीक्षणांना चालत नाही, हा तिचा नियम. २००७ पासून आपल्या आयसीएमआरने पैसे भरून तिचं ग्रंथालय भारतात सर्वांना फुकट खुलं केलं. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या चिंचपाड्यात इंटरनेटची काय अवस्था होती हे विचारू नका; हेतू चांगला होता.

तर या कॉक्रेननेही २००३ चा तो निबंध आधी मुकाट्याने पचवला होता. ढेकर अडवला तो केइजी हायाशी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञाने. जुलै २००९ मध्ये त्याने कॉक्रेनला साधा प्रश्न केला: आठ चाचण्या छापलेल्याच नाहीत, मग तुम्ही त्या तपासल्या कशा? ना समिती, ना परिषद, ना पाच तारांकित हॉटेलातलं चर्चासत्र. एका डॉक्टरची एक शंका, आणि जगातला सर्वांत प्रतिष्ठित परीक्षक उघडा पडला.

कॉक्रेनचं कौतुक इथे करावं लागतं, की त्यांनी शंका फायलीत नाही घातली. तिथले परीक्षक टॉम जेफरसन आणि मंडळींनी निबंधाच्या लेखकांकडे मूळ कागद मागितले. लेखक म्हणाले, आमच्याकडे नाहीत, कंपनीला विचारा. (ज्या कागदांवर तुमचं नाव झळकतं ते तुमच्याकडे नाहीत? वा! इथे तलाठ्याने असं उत्तर दिलं तर निलंबित होतो.) कंपनी म्हणाली, देतो, पण आधी गोपनीयतेच्या करारावर सही करा. आणि त्या करारातलं एक कलम असं, की असा करार झालाय हेसुद्धा कोणाला सांगायचं नाही! मी हे वाक्य पुन्हा लिहीत नाही, तुम्हीच पुन्हा वाचा. औषध जगाने गिळायचं, आणि त्याच्या पुराव्याबद्दल गप्प बसण्याबद्दलही गप्प बसायचं.

सही झाली नाही. पत्रव्यवहार चार वर्षं चालला, ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो चव्हाट्यावर मांडला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये कागद हाती आले. सगळं मिळून दीड लाखाहून जास्त पानं. एप्रिल २०१४ मध्ये निकाल लागला. मोठ्या माणसांत फ्लूची लक्षणं सात दिवसांऐवजी ६.३ दिवसांत ओसरतात. भरती होणं टळतं, याचा पुरावा नाही. मळमळ आणि उलट्या वाढतात. आधीपासून घेतली तर लक्षणांचा फ्लू कमी जणांना होतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं; तेव्हा नवापूरच्या त्या झाकलेल्या माणसांना गोळी देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण आजारी पडल्यावर जिच्यासाठी तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, तिची मिळकत सोळा-सतरा तास. एक रात्र आणि सकाळचा चहा.

आता खरी गंमत. जानेवारी २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दुसरं परीक्षण आलं. त्यामागे होतं मुगास, म्हणजे मल्टिपार्टी ग्रुप फॉर ॲडव्हाइस ऑन सायन्स. नाव कसं भारदस्त आहे पाहा! बहुपक्षीय, सल्लागार आणि शास्त्र, तिन्ही एकाच फलकावर. हे एक ना-नफा प्रतिष्ठान. त्याने स्वतंत्र तज्ज्ञ बोलावले, त्यांना कंपनीचा मूळ विदा मिळाला, आणि प्रतिष्ठानाला 'विनाअट अनुदान' मिळालं. कोणाकडून? ओळखा! रोशकडून.

विनाअट. आपल्याकडे साधा पंचनामा करायचा तरी आरोपीचा मेहुणा पंच म्हणून चालत नाही, मग तो कितीही विनाअट जेवून आलेला असो. मेहुणा खोटंच बोलेल असं कोणी म्हणत नाही. तो खरंही बोलेल. पण त्याची सही असलेला कागद कोर्टात टिकत नाही, आणि यात मेहुण्याचा अपमान आहे असं मेहुण्यालाही वाटत नाही. प्राध्यापकांना मात्र वाटतो. पैशाचा विषय काढला की त्यांचा चेहरा असा होतो, जसं काही आपण सत्यनारायणाच्या प्रसादात मीठ टाकलं.

मुगासचे लेखक अडाणी नव्हते. त्यात नामांकित संख्याशास्त्रज्ञ होते, आणि अनुदानाची गोष्ट निबंधातच छापलेली होती. आकडेही बनावट नव्हते. म्हणून तर ते नीट वाचायला हवेत. त्यांनी ४,३२८ रुग्णांचा हिशेब मांडला. मथळ्यात आलं ते असं: लक्षणं २५ तास आधी ओसरतात, छातीची गुंतागुंत कमी होते, भरती होणंही कमी. मग कॉक्रेन खोटं? थांबा. हा फायदा ज्यांना खरोखर फ्लू असल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं त्यांच्यातला. गोळी दिलेल्या सगळ्यांना धरलं तर मुगासच्याच आकड्यांत फरक उरतो १७.८ तास. कॉक्रेनचा होता १६.८. दोन स्वतंत्र तज्ज्ञमंडळींत महायुद्ध पेटलं ते एका तासावरून नव्हे, तर मोजायचं कोणाला यावरून.

आणि हे भांडण निकालात काढायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही, चिंचपाड्याला या. सुरत–भुसावळ मार्गावरचं स्टेशन, गावात मिशनचं इस्पितळ. पावसाळ्यात ओपीडीच्या बाकावर तापाने फणफणलेला माणूस बसलाय, अंग ठणकतंय, खोकला आहे. हा मलेरिया असेल, डेंग्यू असेल, टायफॉइड असेल, सिकलसेलचा रुग्ण असेल तर आणखी वेगळंच प्रकरण असेल. फ्लूही असेल. फ्लूची गोळी द्यायची तर पहिल्या ४८ तासांत, आणि त्याने आधीचे दोन दिवस 'उतरेल' म्हणून घरीच काढलेत. तो कपाळावर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असा शिक्का मारून येत नाही. डॉक्टरच्या पुढ्यात असतात ते 'सगळे'. ज्या हिशेबात हे सगळे आहेत तोच आमच्या कामाचा. ज्या हिशेबात फक्त सिद्ध झालेले आहेत तो कंपनीच्या कामाचा. २०२३ मध्ये आणखी एका परीक्षणाने इस्पितळाबाहेरच्या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या १५ चाचण्या एकत्र केल्या. भरती होणं टळल्याचं त्यातही सिद्ध झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, २०१७ मध्ये, अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून गोळी उतरवून पूरक यादीत बसवली होती.

म्हणजे कॉक्रेनला सोन्याचा मुकुट चढवायचा का? छे! २०१८ मध्ये याच संस्थेने आपल्या संस्थापकांपैकी एक, पीटर गॉत्शे, यांना नियामक मंडळातून काढलं. सहा विरुद्ध पाच मतांनी, आणि निषेध म्हणून आणखी चार सदस्य उठून गेले. पुराव्यावर आधारित वैद्यकाच्या मंदिरात ग्रामपंचायतीच्या अविश्वास ठरावाइतकीच रंगत आली. २०२३ मध्ये मास्कवरचं परीक्षण आलं. 'मास्कचा उपयोग नाही' असा त्याचा अर्थ लावला गेला, तेव्हा मुख्य संपादिकेलाच जाहीर खुलासा करावा लागला, की सिद्ध झालेलं नाही म्हणजे उपयोग नाही असं नव्हे. मी कॉक्रेनच्या बाजूने एवढ्याचसाठी आहे, की तिथे भांडणं खिडक्या उघड्या ठेवून होतात. स्वतंत्र माणसं देवमाणसं नसतात. त्यांचे कागद आपल्याला दिसतात, बस.

हे सगळं परदेशातलं म्हणून हसू नका. चिंचपाड्याच्या बाजारात पाच रुपयांत वेफर्सचं पाकीट मिळतं, आणि ज्या जिल्ह्यात कुपोषणाची बातमी दरवर्षी छापून येते त्या जिल्ह्यातलं मूल ते खातं. पाकिटावर मीठ-साखर-चरबीचा लाल इशारा असावा, असा मसुदा दिल्लीत निघाला. कंपन्या रागावल्या, तेव्हा मसुदा थांबवून 'तज्ज्ञ समिती' नेमली. तिचे प्रमुख कोण? नेस्लेचे माजी सल्लागार, आणि इंटरनॅशनल लाइफ सायन्सेस इन्स्टिट्यूटच्या भारतीय शाखेचे विश्वस्त. ही संस्था ना-नफा. १९७८ मध्ये तिची स्थापना कोका-कोलाच्या एका बड्या अधिकाऱ्याने केली, आणि तिचा खर्च अन्न कंपन्या उचलतात. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये हे छापलं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना कळलं. आपल्या पोरांच्या खाऊवर कोण निवाडा करतंय, हे आपल्याला न्यूयॉर्कने सांगायचं!

कंपनीच्या पैशाने संशोधन होऊच नये, असं म्हणायला मी खुळा नाही. औषध तीच बनवते, चाचणीचा खर्च तीच करते. करू दे. पण चाचणी करणाऱ्याच्याच खर्चाने तिचा परीक्षक आला, तर त्याच्या नावाआधीचं 'स्वतंत्र' आधी खोडा आणि मग त्याला खुर्ची द्या.

औषधांना परवानगी देण्याआधी केंद्राचे औषध नियंत्रक विषयतज्ज्ञ समित्यांचा सल्ला घेतात. त्या समित्यांवरच्या प्रत्येकाने कोणत्या कंपनीकडून, कशासाठी, किती पैसे घेतले, हे नावानिशी, मराठीसह सगळ्या भाषांत जाहीर व्हावं, अशी माझी मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये आहे.