वाहिनी वाढवावी, पण शील सोडू नये

३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही नकार दिला. ही हकिकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु तिच्यातील बोध किती जणांनी मनाशी जपला असेल, याविषयी आम्हांस शंका वाटते. ज्याच्या हाती छापखाना त्याच्या हाती समाजाचे कान. आणि ज्याचा शब्द त्या कानांपर्यंत पोचत नाही, त्याचे दुःख कितीही खरे असले तरी जगाच्या लेखी ते नसल्यासारखेच असते, हा तो बोध होय. म्हणूनच ‘मूकनायक’ बंद पडल्यावर बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली, धम्मदीक्षेच्या वर्षीच, ‘प्रबुद्ध भारत’ अशी एकामागून एक पत्रे उभी केली.

आज ती परिस्थिती पालटली आहे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि बाभुळगावच्या बाजारात कापसाचा चुकारा घ्यावयास आलेल्या लहान शेतकऱ्याच्या खिशातही जे यंत्र असते, त्यात छापखाना, कॅमेरा आणि प्रक्षेपण केंद्र ही तिन्ही एकत्र आली आहेत. यूट्यूबवर आपली वाहिनी काढावयास कोणाची परवानगी मागावी लागत नाही, की कोणाची जाहिरात नाकारली गेल्याचे दुःख सोसावे लागत नाही. आपल्या नवदीक्षित कुटुंबांतील मुले-मुली अशा वाहिन्या काढू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पाहणारे वाढतील कसे? ह्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही देऊ इच्छितो. आणि ते उत्तर दीक्षेच्या वेळी आपण घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे यंत्र कोणाचे व ते कसे चालते, हे समजून घेतले पाहिजे. यूट्यूब २००५ साली निघाले, २००६ साली गूगलने ते विकत घेतले, आणि त्याचा धंदा जाहिरातीचा आहे. कोणती चित्रफीत कोणापुढे ठेवावी हे तेथे संगणक ठरवितो. लोक शीर्षक पाहून आत येतात काय, आल्यावर किती वेळ थांबतात, आणि पाहून संतुष्ट होतात काय, ह्या गोष्टींवर त्याचे गणित चालते. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर साधारणपणे १,००० सबस्क्रायबर, आणि त्याबरोबर १२ महिन्यांत ४,००० तासांची पाहणी किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींची १ कोटी वेळा पाहणी, अशी अट आहे. हे आकडे ऐकून आपली मुले उतावळी होतात. उतावळेपणातून लबाडी जन्मते, आणि लबाडीतून वाहिनीचा नाश होतो.

असत्य न बोलण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. मग ज्या चित्रफितीत साधी सभा आहे तिच्यावर ‘भयंकर राडा’ असे शीर्षक लावणे, आणि जो मनुष्य सभेला आलाच नव्हता त्याचे चित्र दर्शनी लावणे, हे असत्य नव्हे काय? अशा शीर्षकाने मनुष्य आत येतो खरा. पण फसवणूक कळताच क्षणार्धात निघून जातो, आणि लोक थांबत नाहीत हे पाहून संगणकही ती चित्रफीत मागे टाकतो. पैसे देऊन सबस्क्रायबर विकत घेणे हेही तसेच. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. असे खोटे आकडे काढून टाकले जातात, प्रसंगी वाहिनीही बंद होते. शिवाय विकत घेतलेला सबस्क्रायबर आपले काही पाहत नाही. तो मतदारयादीतील मृत मतदारासारखा असतो.

चोरी न करण्याचीही प्रतिज्ञा आपण घेतली आहे. आपल्या वाहिन्या सर्वांत अधिक येथेच अडखळतात. भीमगीते आपल्या सर्वांची आहेत, असे आपण भावनेने म्हणतो. परंतु ध्वनिमुद्रिका ज्या कंपनीने काढली तिचा त्या मुद्रणावर कायद्याने हक्क असतो. दुसऱ्याचे मुद्रण उचलून लावले तर उत्पन्न त्या कंपनीकडे जाते किंवा चित्रफीत काढली जाते. आणि ९० दिवसांच्या आत स्वामित्वहक्काच्या तीन तक्रारी मान्य झाल्या तर साऱ्या वाहिनीवर गदा येते. मग काय करावे? आपल्या गावातील भजनी मंडळ, गाणाऱ्या बाया, वस्तीतील शाहीर ह्यांच्याकडून त्यांची स्वतःची गाणी गाऊन घ्यावीत आणि त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव देऊन ती प्रसिद्ध करावीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वतः बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरील स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. ते ग्रंथ वाहिनीवरून वाचून दाखविण्यास आता कोणाची आडकाठी नाही. अनुवादांचा हक्क मात्र अनुवादकांचा असू शकतो. तेथे आधी विचारावे.

आता दाखवावे काय? मुंबई-पुण्याच्या वाहिन्या जे दाखवितात त्याची नक्कल बाभुळगावने करू नये. जे मोठ्या वाहिनीला सांगता येत नाही, ते सांगण्यातच लहान वाहिनीचे बळ आहे. नवदीक्षित घरात आज कोणते प्रश्न आहेत? शाळेच्या दाखल्यावर बौद्ध अशी नोंद केल्यावर जातीच्या प्रमाणपत्राचे काय होते, हा पहिला. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या सवलतींचा हक्क मिळाला, हे अजून कित्येक घरांना ठाऊक नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कसा भरावा, बौद्ध पद्धतीच्या विवाहाला काय लागते आणि काय लागत नाही, बेंबळा प्रकल्पात ज्यांची घरे-शेते गेली त्यांचे कोणते प्रश्न उरले आहेत, हे विषय घ्यावेत. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या वेळी अंगावर काय घालावे आणि विषबाधेची पहिली लक्षणे कोणती, हे वऱ्हाडी बोलीत, डॉक्टरांना विचारून सांगणारी पाच मिनिटांची चित्रफीत एक जीव वाचवू शकेल. जी चित्रफीत उपयोगी पडते ती मनुष्य शेजाऱ्याला आपण होऊन दाखवितो. ह्याहून मोठी जाहिरात नाही.

एक काम तर एक दिवसही लांबणीवर टाकू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मुलगा दहा वर्षांचा होता आणि आईचे बोट धरून नागपुरास गेला होता, त्याने आज ऐंशीच्या घरात पाऊल टाकले आहे. घरून काय शिदोरी नेली, देव्हाऱ्यातील देव कोणी व कोठे विसर्जित केले, परतल्यावर गावाने काय म्हटले, कोणती गावकीची कामे सोडली आणि त्याची काय किंमत दिली, हा इतिहास कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. तो त्या वृद्धांच्या कंठात आहे. तो कंठ थांबला की तो इतिहासही थांबला. बाभुळगाव तालुक्यातील अशा प्रत्येक हयात स्त्री-पुरुषाची मुलाखत घेणे, हे एका वाहिनीचे आयुष्यभराचे कार्य होईल.

पाहणारे वाढविण्याचे मार्गही सांगतो. शीर्षक मराठीत, सरळ, आणि विषय व गाव दोन्ही सांगणारे असावे. कारण शोधणारा मनुष्य तेच शब्द लिहून शोधतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात मुद्दा यावा; हारतुरे आणि पाहुण्यांची नामावळी शेवटी घ्यावी. आवाज स्पष्ट असावा. चित्र थोडे कमी चांगले असले तरी लोक सोशितात, आवाज फाटला तर उठून जातात. आठवड्यातील एक वार ठरवावा आणि तो पाळावा. एका विषयाच्या चित्रफिती एका यादीत गुंफाव्यात. २०१८ पासून व्हॉट्सॲपवर एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येत नाही. तेव्हा सरसकट पाठविण्यापेक्षा ज्याच्या घरी मुलगी अकरावीत गेली त्याला शिष्यवृत्तीची चित्रफीत, दोन ओळी लिहून, पाठवावी. विहाराच्या फलकावर, भीमजयंतीला व धम्मचक्र प्रवर्तन दिनी वाहिनीचे नाव लावावे. १९३०-४० च्या दशकांत भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्यावस्त्यांतून पायी फिरून बाबासाहेबांचा विचार पोचवीत होते. आणि लोकशाहीर विठ्ठल उमप ह्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, एका बौद्ध दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्घाटनप्रसंगीच, देह ठेवला. तुमच्या हातातील यंत्र त्याच परंपरेचे पुढचे पाऊल आहे.

बोलताना सम्यक वाणी सोडू नये. दुसऱ्याच्या श्रद्धेला शिवी देऊन गर्दी जमते, पण त्या गर्दीतून एकही मनुष्य धम्माकडे येत नाही. अत्याचाराची बातमी देताना तर दुप्पट सावध असावे. २००६ साली खैरलांजीचे हत्याकांड घडले तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना त्याची नीट दखल घ्यावयास कित्येक आठवडे लागले; ती उणीव आपल्या वाहिन्यांनी भरून काढली पाहिजे, पण कागदपत्रे पाहून. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे विसरू नये. उलटपक्षी, पडद्यावर दिसणाऱ्या आपल्या मुलींना जातिवाचक शिवीगाळ सोसावी लागते. भिऊन त्यांस घरात बसवू नका. त्या लिखाणाचा पुरावा जपून ठेवा आणि तक्रार करा. इंटरनेटवरून केलेल्या अपमानासही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे.

शेवटी, परक्याच्या जागेवर बांधलेले घर आपले नव्हे, हे ओळखून असावे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतील असंख्य कलावंतांनी मिळविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. म्हणून प्रत्येक चित्रफितीची मूळ प्रत घरी दोन ठिकाणी ठेवा, आणि पाहणाऱ्यांचा संबंध विहार, पत्र आणि सभा ह्यांच्याद्वारेही राखा.

आणि वाचकहो, हा भार केवळ मुलांचा नाही. ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले, तरी पुरेसे वर्गणीदार न मिळाल्याने ते पत्र १९२९ साली बंद पडले. लिहिणारा महापुरुष होता. उणे पडला तो वाचणारा समाज. आज तर वर्गणीही मागितली जात नाही. आपल्या वस्तीतील वाहिनीला सबस्क्राइब करणे, तिची चित्रफीत अर्ध्यावर न सोडता पाहणे, चुकले तर कळविणे, बरे वाटले तर एका शेजाऱ्याला दाखविणे, एवढेच तुमच्याकडे मागणे आहे. एवढेही आपल्या हातून झाले नाही, तर आम्हांस कोणी बोलू देत नाही, ही तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.