आधी किडीची ओळख, मग फवारणी

संत्र्याच्या फांदीवर चामखिळीसारखे बारीक लालसर ठिपके दिसले, की विदर्भातला बागायतदार फांदी घेऊन कृषी सेवा केंद्र गाठतो आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढवतो. कीटकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही लोक ‘सर, एवढं बघून द्या’ म्हणत फांद्या आणतात. त्या प्रत्येकाला मी सांगतो, औषध ठरवायच्या आधी कीड ओळखू या.

खवले कीड म्हणून जे माझ्यापुढे येतं, ते दर वेळी एकच नसतं. मऊ खवले कीड चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी चढते आणि बागेत शिरताच नजरेत भरते. कवचधारी खवले किडीचं कुळ वेगळं, डायस्पिडिडी. त्यात सुमारे अडीच हजार जाती आहेत. या किडी पेशींत सोंड खुपसून रस ओढतात आणि चिकटा सोडत नाहीत. म्हणून पानं पिवळी पडून फांदी वाळू लागेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही.

कवच मेणाचे धागे आणि टाकलेल्या काती मिळून बनतं. ते सुईच्या टोकाने अलगद उचललं की खाली मऊ, पिवळसर मादी दिसते. तिला पाय नाहीत, पंख नाहीत. एकदा बसली की जन्मभर तिथेच. पाय असतात ते नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना. ती थोडा वेळ फिरतात, वाऱ्याने शेजारच्या झाडावर जातात, जागा धरतात आणि अंगावर मेण चढवू लागतात. फवारणीचा खरा उपयोग याच अवस्थेत. एरवी स्पर्शजन्य औषध कवचावरून ओघळतं आणि मरतात त्या किडीवर जगणाऱ्या गांधीलमाश्या.

हे कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष दिसलं आहे. कीटकशास्त्रज्ञ पॉल डीबाख यांनी लिंबूवर्गीय झाडांवर मुद्दाम डीडीटी फवारली, तेव्हा न फवारलेल्या झाडांपेक्षा तिथे लाल खवले कीड, म्हणजे कवचधारींपैकीच एक, कितीतरी वाढली. या किडीवरच्या अफायटिस गांधीलमाश्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या. पूर्वेकडच्या देशांत आढळणाऱ्या अशा सगळ्या माश्या म्हणजे कॅलिफोर्नियात आधीपासून असलेलीच जात, असा समज अनेक वर्षं होता. त्यामुळे त्या आणण्याचं कुणाला महत्त्व वाटलं नाही. जाती नीट वेगळ्या ओळखल्या गेल्या तेव्हा मार्ग सापडला. 1956-57 मध्ये भारत आणि पाकिस्तानातून नेलेली अफायटिस मेलिनस तिथे इतकी रुजली, की आज बागायतदार ती विकत घेऊन बागेत सोडतात. ती मूळची आपल्या भूमीवरची. आपण मात्र तिच्यासारख्या मित्रकीटकांवर पंप चालवतो.

शेतकऱ्याला थांबायला वेळ नसतो, बहार हातचा जाईल ही भीती खरी आहे. पण भिंग आणि सुई महाग नाहीत. फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा. तिच्यावर बारीक पिवळी पिल्लं अडकू लागली की फवारणीची वेळ झाली. तेव्हाही कीड गुदमरवणाऱ्या खनिज तेलासारखा सौम्य उपाय आधी विचारात घ्या. कवचाला गोल छिद्र असेल, तर मित्रकीटक आपलं काम करून गेला आहे, हात आवरा.

पुढचं काम मात्र शेतकऱ्याचं नाही. कवचधारी खवले किडीची जात बहुधा प्रौढ मादीची काचपट्टी करून, तिच्या शरीराचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच ठरते. मोबाइलवरच्या फोटोवरून नाही. हे काम जाणणारी माणसं घडवायला वर्षं लागतात. कृषी विद्यापीठांत कीटक-वर्गीकरणाची स्वतंत्र पदं हवीत. संत्रापट्ट्यातल्या प्रत्येक तालुका कृषी कार्यालयात सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस हवा. औषधांच्या अनुदानाबद्दल आपण मोर्चे काढतो. या मागणीसाठीही तितक्याच जोरात बोललं पाहिजे, कारण चुकलेल्या फवारणीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.