आंब्याच्या साली व बाठे कचऱ्यात न जाता उपयोगात यावेत, यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. फलोत्पादन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातले लहान फळप्रक्रिया व्यावसायिक. कॅनिंगचा हंगाम सुरू झाला की आमच्या कारखान्यांमागे साली-बाठ्यांचे ढीग लागतात. पैसे अख्ख्या आंब्याचे मोजलेले असतात, पण वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग मागे उरतो. दुसऱ्या दिवशी तो आंबतो, चिलटे जमतात, आणि टेम्पो करून लांब टाकायचा खर्चही आमच्याच माथी.

याला कचरा म्हणणे आम्हाला मान्य नाही. मँजिफेरिन, गॅलिक आम्ल, टॅनिन ही पॉलिफिनॉल द्रव्ये सालीत आणि कोयीच्या गरात रसापेक्षा कितीतरी अधिक असतात. तेल हवेने खवट होते, ती क्रिया ही द्रव्ये रोखतात. आज त्याच कामासाठी खाद्यतेलात टीबीएचक्यूसारखी कृत्रिम रसायने वापरतात. कोयीची चरबीही मोलाची आहे. युरोपीय संघाने 2000 सालच्या निर्देशात चॉकलेटसाठी कोकोखेरीज जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धे मान्य केली, त्यांत ती आहे आणि आपले कोकमही आहे. कोकमाच्या बियांचे मुठेल कोकणातल्या बायका पूर्वापार काढत आल्या. बाठा मात्र उकिरड्यावर जातो.

घोडे अडते ते वाळवणीपाशी. साल निघाली की हवा आणि सालीतलीच विकरे मिळून ही द्रव्ये संपवू लागतात, साल काळवंडते. त्याच दिवशी 50 ते 60 अंशांवर वाळवली तर बराच गुण टिकतो. मे महिन्याच्या दमट हवेत पत्र्यावर पसरलेला बाठा वरून खडखडीत वाटतो, पण फोडला की आत बुरशी. असा गर कोणी विकत घेत नाही, घेऊही नये.

म्हणून आमची मुख्य मागणी सामायिक ड्रायर आणि बाठे फोडण्याच्या यंत्रांची आहे. ती कॅनिंगच्या पट्ट्यातच हवीत, कारण ओला माल दूर नेणे परवडत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत एकेका उद्योगाला 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाखांपर्यंत, मिळते. साली-बाठ्यांची यंत्रे त्यात बसतात असे लेखी स्पष्ट करावे.

दुसरी मागणी तपासणीची. फवारणीचा अंश सालीवरच राहतो, हे आम्ही लपवत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामार्फत कीडनाशक अंश, बुरशीचे विष आणि पॉलिफिनॉलचे प्रमाण यांची चाचणी लहान व्यावसायिकाला झेपेल अशा दरात व्हावी. अहवालाशिवाय आम्ही माल विकणार नाही आणि रोग बरा होण्याचे दावेही करणार नाही. पिशवीवर काय लिहिता येईल, याचे मार्गदर्शन अन्न व औषध प्रशासनाने मराठीत द्यावे.

बाठ्याला भाव आला तर बागायतदारालाही त्यातून किलोमागे वाढीव दर मिळावा. तो ठरवण्याच्या समितीत त्यांचे प्रतिनिधी असावेत.

हंगामाआधी ड्रायर बसवायला वेळ लागतो. म्हणून जानेवारीअखेरपर्यंत बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद