टिचकी म्हणजे वाचन नव्हे

आपण साहित्याचे अध्यापक आकड्यांना भितो, आणि ज्याला भितो त्याला फार लवकर शरण जातो. 'लेखाला इतक्या टिचक्या मिळाल्या' हे वाक्य 'इतके वाचक लाभले' या अर्थाने आता आपल्या चर्चासत्रांतूनही ऐकू येते. 'उपयोजित मराठी'च्या तासाला चांगल्या मथळ्याचा निकष म्हणूनही हाच आकडा पुढे केला जातो. म्हणून त्याची उलटतपासणी करणे हे आम्हाला समीक्षेचेच काम वाटते.

'क्लिक-थ्रू रेट' किंवा टिचकी-दर ही मुळात जाहिरातदारांची संज्ञा. दुवा जितक्या वेळा पडद्यावर आला, त्या संख्येने टिचक्यांना भागायचे आणि शंभराने गुणायचे. हजार वेळा दाखवलेल्या दुव्यावर २० टिचक्या पडल्या, तर दर २ टक्के. तोच दुवा २०० वेळा, केवळ चाहत्यांपुढे ठेवा. १० टिचक्या आल्या तरी दर ५ टक्के! दर अडीचपट झाला, आत आलेली माणसे मात्र निम्मी. शिवाय दुवा पडद्यावर आला म्हणजे तो कोणी पाहिला असे नव्हे, आणि टिचकी पडली म्हणजे कोणी वाचले असेही नव्हे. चुकून लागलेले बोट आणि जिज्ञासेने टेकवलेले बोट यांत हे गणित भेद करीत नाही.

या संज्ञेचा इतिहासही बोलका आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरातपट्टी झळकली. इथे कधी टिचकी मारली आहे का, असे ती विचारी आणि माराल, असे स्वतःच बजावी. विकायचे काय, याचा उल्लेखच नाही! तिचा दर ४४ टक्के होता असे सांगतात. आज अशा पट्टीला एक टक्काही सहसा मिळत नाही. नवलाई ओसरली, तंत्र उरले : लपवा आणि बोलवा. पुढे २००२ मध्ये गूगलने जाहिरातींचा क्रम लावताना बोलीच्या रकमेबरोबर टिचकी-दरही जमेस धरला. तेव्हापासून ही नुसती मोजपट्टी राहिली नाही. कोणी वर दिसावे हेही ती ठरवू लागली.

भाषेवर याचा परिणाम काय झाला? 'अपवर्दी' हे संकेतस्थळ एकाच मजकुराचे निरनिराळे मथळे लोकांवर आजमावून पाहत असे. अशा सुमारे १,०५,००० नमुन्यांचा अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की टिचकी-दर सुमारे २.३ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष. मजकूर तोच, शब्द तेवढा कडू. आणि बक्षीस त्या कडूपणाला.

यावर कोणी म्हणेल, सूचकता तर काव्यशास्त्रालाही प्रिय आहे. आनंदवर्धनाने ध्वनीलाच काव्याचा आत्मा मानले. मग मथळ्याने थोडे झाकले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद फसवा आहे. व्यंजना अर्थ दडवीत नाही, वाढविते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीची कथा घडते बोटीवर. पुस्तक मिटल्यावर ते शीर्षक आपल्या मनात अधिकच मोठे होते. टिचकीखोर मथळ्याचे आयुष्य मात्र दुवा उघडताच संपते. एक अर्थगर्भ, दुसरा अर्थवंचक. या दोहोंतला फरक सांगता येत नसेल, तर आपण वर्गात इतकी वर्षे शिकवले तरी काय?

गंमत अशी की, बाजारालाही हा आकडा पुरला नाही. भुलवणाऱ्या मथळ्यांचा सुळसुळाट झाल्यावर यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी चित्रफीत उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला अधिक महत्त्व दिले. व्यापाऱ्यांना जे उमगले ते विद्यापीठीय मंडळींना उमगू नये?

मथळे लिहायला विद्यार्थ्यांना जरूर शिकवावे. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. टिचकी-दर म्हणजे काय, हेही नीट शिकवावे. पण मथळ्याला गुण देताना प्रश्न एकच विचारावा : लेख वाचून झाल्यावर हा मथळा खरा ठरतो का? त्याचे उत्तर कोणत्याही टक्केवारीत मिळत नाही. त्यासाठी लेख वाचावा लागतो.