स्वयंरोजगाराची पहिली पायरी

नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू करणाऱ्या तरुणाला ग्राहक मिळतात, पण कराचे गणित सांगणारे कोणी भेटत नाही. मग नोटीस आली की धावाधाव सुरू होते. ती टाळता येते.

'उद्यम' नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या, पूर्ण मोफत होते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यानुसार 'गुमास्ता' परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. व्यवसाय कराची नोंदणी मात्र हमखास विसरली जाते. वर्षाला २,५०० रुपयांचा हा कर थकला की व्याज आणि दंड चढत जातो.

ग्राहकाने टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, हा समजही घातक आहे. वर्षाचा उरलेला कर १० हजार किंवा त्याहून अधिक असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. अनुमानित उत्पन्नाची सवलत घेणाऱ्यांना तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. म्हणून प्रत्येक बिलातून कराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी.

सरकारचीही जबाबदारी आहे. 'उद्यम' प्रमाणपत्रासोबतच या सर्व मुदतींची मराठी माहितीपत्रिका प्रत्येकाला मिळाली पाहिजे. प्रामाणिकपणे कर भरू इच्छिणाऱ्याला अज्ञानापोटी दंड होणे अन्यायाचे आहे.