वैमानिकाची जागा ड्रोन घेईल काय?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरहून हैदराबादकडे निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती लागला आणि त्याच दुपारी उमरगा गाठले गेले. पुढे राजेश्वरच्या वाटेवर शत्रू दबा धरून बसल्याचे हवाई टेहळणीत दिसले. दुसऱ्या दिवशी टेम्पेस्ट विमानांनी ती ठाणी झोडपली, वाट मोकळी झाली आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. ‘पोलीस ॲक्शन’च्या आठवणी सोलापुरात पुष्कळ सांगितल्या जातात, विमानांचा हा वाटा मात्र क्वचितच.

तीच मोहीम आज निघाली तर? टेहळणीसाठी वैमानिक धाडण्याची गरज बहुधा पडणार नाही. नागपुरात तयार होणारे ‘नागास्त्र-१’ जवान पाठीवर वाहून नेऊ शकतो. ते आकाशात घिरट्या घालते, लक्ष्य दिसताच झेपावते आणि न दिसल्यास पॅराशूटने परत उतरते. एखादी मशीनगन टिपण्यासाठी वैमानिकाचे प्राण पणाला का लावावेत? कारगिलमध्ये २७ व २८ मे १९९९ या दोनच दिवसांत दोन मिग विमाने आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमवावे लागले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आणि हेलिकॉप्टरमधील चौघे परतले नाहीत.

परंतु नागास्त्र वाहून नेते ती स्फोटके जेमतेम एक किलोची. २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर मिराज विमानांनी जे साधले, त्याला लेझर-निर्देशित अवजड बॉम्बच लागले. शिवाय बहुतेक लहान ड्रोनचा प्राण रेडिओ-संदेशात असतो. युक्रेनमध्ये हे संदेश इतके जॅम होऊ लागले की, उभय पक्षांनी ड्रोनच्या मागे फायबर-ऑप्टिकची तार सोडली. पतंगाचा मांजाच म्हणा ना! आणि त्याच युद्धात आघाडीवर पडणारे जड बॉम्ब आजही वैमानिकच दुरून टाकत आहेत.

तेव्हा पहिली धाव ड्रोनची असावी, जड घाव विमानाचा. बटालियनच्या हाती ड्रोन जितके लवकर पोहोचतील तितके उत्तम. भीती वेगळीच आहे. हवाई दलाला लढाऊ विमानांची ४२ पथके मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा २९ उरली. ड्रोन स्वस्त आहेत, हे कारण पुढे करून ही तूट कुणी कागदावर भरून काढू नये.