वेगळे राहण्याचा हक्क

कमावती मुले आईबापांपासून वेगळी राहू लागली की कुटुंबसंस्था मोडीत निघाल्याची ओरड मध्यमवर्गात सुरू होते. पाश्चात्त्यांच्या चंगळवादाकडे बोट दाखविले जाते, संस्कारांची उजळणी होते आणि प्रश्न तेथेच संपविला जातो. वास्तविक हा प्रश्न घर, वेतन आणि म्हातारपणाची तरतूद या तीन गोष्टींचा आहे.

ज्या पश्चिमेचा दाखला दिला जातो ती तरी एकजिनसी कोठे आहे? फिनलंडमधील तरुण सरासरी एकविसाव्या वर्षाच्या सुमारास घराबाहेर पडतो. क्रोएशियातील तरुण तिशी ओलांडेपर्यंत आईबापांकडेच असतो. फिनलंडमध्ये विद्यार्थ्यालाही घरभाड्यासाठी शासनाचे साहाय्य मिळते. दोन्ही देश युरोपातलेच; तेव्हा केवळ 'पाश्चात्त्य संस्कृती' म्हणून या तफावतीचा उलगडा होत नाही.

आपल्याकडील चित्र याहून बोलके आहे. प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या नागरी भागातील घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी मोजली. त्यांपैकी जवळजवळ दीड कोटी कुटुंबे केवळ दाटीमुळे या हिशेबात आली होती. दाटी ठरविताना, विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली आहे की नाही हे पाहिले गेले. म्हणजे घर सोडून जाणाऱ्या मुलांपेक्षा, लग्नानंतरही पडद्याआड संसार करणाऱ्या मुलांचाच प्रश्न मोठा आहे. आणि २०११ च्या जनगणनेत याच नागरी भारतात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती! एकीकडे माणसांवाचून घरे आणि दुसरीकडे घरांवाचून माणसे, हा निसर्गाचा कोप नव्हे. घर ही गुंतवणुकीची वस्तू मानणाऱ्या बाजाराचे ते अटळ फळ आहे.

मुंबईच्या भाडेकायद्याचा इतिहासही येथे प्रामाणिकपणे तपासावयास हवा. १९४७ च्या कायद्याने १९४० च्या पातळीवर भाडी गोठविली आणि लक्षावधी कष्टकऱ्यांना रस्त्यावर येण्यापासून वाचविले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क पोहोचतो तो त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. १९९९ च्या कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. परिणामी जो मुलगा वेगळा झाला त्याने खोलीवरील हक्क गमावण्याचा धोका पत्करला. चाळीतील एकत्र कुटुंबाला मायेइतकीच ही तरतूदही बांधून ठेवीत आली. दोष संरक्षणाचा नाही. संरक्षणाच्या जोडीला शासनाने भाड्याची नवी घरे पुरेशी उभारली नाहीत, याचा आहे. १९२० च्या दशकात परकीय सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर भाड्याच्या खोल्यांसाठी दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. स्वकीय शासन सोडत काढते ती मुख्यतः मालकीच्या घरांची. नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाने कर्ज तरी किती काढावे? त्याच्या वाट्याला येतो तो अकरा महिन्यांचा करार आणि भली मोठी अनामत रक्कम.

मुलींची कोंडी तर दुहेरी आहे. माहेर सोडण्याचा एकच मार्ग समाजाने त्यांच्यासाठी प्रशस्त ठेवला आहे, तो म्हणजे विवाह. एकट्या मिळवत्या मुलीला घर देताना मालक पगाराआधी तिच्या येण्याजाण्याच्या वेळा विचारतो. दलित आणि मुस्लिम तरुणांना आडनाव सांगताच 'जागा गेली' असे उत्तर मिळते. सहकारी गृहरचना संस्थेने सभासदत्व एका धार्मिक समाजापुरते राखण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका प्रकरणात मान्यता दिली. 'सहकार' या शब्दाची याहून मोठी विटंबना ती कोणती?

मग म्हाताऱ्या आईबापांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? हा सवाल रास्त आहे. पण तो प्रथम शासनाला विचारला पाहिजे. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचे निवृत्तिवेतन दरमहा अवघे २०० रुपये आहे. आणि २००७ च्या कायद्याने पालकांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली. जेथे मुलगा हेच निवृत्तिवेतन असते, तेथे त्याचे वेगळे होणे कृतघ्नपणा वाटणारच. दोन्ही पिढ्यांना एकमेकांचे ओलीस ठेवून शासन मात्र नामानिराळे राहते.

यावर उपाय नाही असे नाही. व्हिएन्ना शहराने पहिल्या महायुद्धानंतर समाजवादी कारभारात नगरपालिकेची साठ हजारांवर घरे बांधली. आज तेथील सुमारे निम्मे नागरिक नगरपालिकेच्या वा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. आईबापांकडे राहणाऱ्या तिशीच्या आतील तरुणांना पहिल्या घरासाठी अर्ज करण्याची सोयही तेथे आहे. आपल्या महानगरपालिकांनी सार्वजनिक जमिनी विकासकांच्या घशात घालण्याऐवजी त्यांवर भाड्याची घरे बांधावीत, रिकाम्या घरांवर कर बसवावा, नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे वाढवावीत आणि जगण्यापुरते वार्धक्यवेतन मिळावे, या मागण्या एकत्रितपणेच मांडल्या पाहिजेत. त्यांतील एक सोडून दुसरी पुरी होणार नाही.

सर्वांनी वेगळे राहावे असा याचा अर्थ नव्हे. ज्यांना एकत्र राहावयाचे आहे त्यांनी आनंदाने राहावे. पण ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याच्या घरात राहण्याला प्रेम म्हणावे की नाइलाज, हे ठरविणार कसे? दार उघडे असेल, तरच आतल्या माणसांच्या मायेला किंमत आहे.